बिनझाकणाचा टोप

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या बुवा, नाहीतर मधेच चहा सांडेल. गेलेल्या माणसाचं नाव राखायला म्हणून मी घराबाहेर पडलो आणि दोन-चार दिवसांत अर्ध्या ऐरोलीत माझ्या सख्ख्या बहिणीला भांडीचोर ठरवून परत आलो! बोला! आणि बहीण तरी कशी? जिनं जन्मात कुणाचा चहाचा चमचा ठेवून घेतला नाही अशी.

पण सुरुवातीपासून सांगतो.

त्या सकाळी मी नेरूळला, आमच्या सेक्टरमधल्या गिरणीत दळण घेऊन उभा होतो. रविवार. भुवयांपासून चपलांपर्यंत पीठ. माझ्या पुढच्या बाईंची ज्वारी चालू होती आणि ‘ज्वारीवर लगेच माझे गहू टाकू नकोस’ म्हणून माझी गिरणीवाल्याशी हुज्जत चालली होती. तेवढ्यात आमचे शेजारी कुलकर्णी येताना दिसले. आमच्याकडे तेव्हा फोन नव्हता, यायचा तो त्यांच्याकडेच यायचा. कुलकर्णी चक्क बनियनवर आले होते. हा माणूस एरवी शर्टाशिवाय गॅलरीतसुद्धा येत नाही. मी काय ते समजलो.

“ऐरोलीहून फोन होता,” ते म्हणाले. “तुमच्या अक्का... सकाळी चहा ठेवला, खुर्चीत बसल्या आणि बसल्याच म्हणे.”

मी म्हटलं, “दळण व्हायचंय.”

असं का म्हटलं, मला अजून कळलेलं नाही. कुलकर्णी म्हणाले, “दळण मी आणतो. तुम्ही निघा.”

असो.

माझी अक्का म्हणजे सुलोचना दळवी. माझ्याहून बरीच मोठी. आईवडील लवकर गेले, मला तिनंच शिकवलं. लग्न केलं नाही. मुंबईतल्या एका प्रसूतिगृहात नर्स होती. बाळंतपणं करता करता नोकरी संपली आणि तिनं ऐरोलीत पहिल्या मजल्यावर लहानसं घर घेतलं. तेव्हा ऐरोलीत होतं काय? रस्ते होते, रस्त्यावर माणसं नव्हती. रात्री-अपरात्री कुणाला कळा सुरू झाल्या तर ठाण्याला न्यायला रिक्षा मिळायची नाही. मग काय? “सिस्टरना बोलवा!” निवृत्त झालेली बाई पुन्हा कामाला लागली. नव्या इमारतींतल्या बायका आणि शेजारच्या दिवा गावातल्या बायका, सगळ्यांची ती सिस्टर. बाळाला पहिली आंघोळ तिची, पहिला रट्टा तिचा, आणि बारशाला मानाचा पाट तिचा.

आता तिच्या मालमत्तेचं सांगायला पाहिजे, कारण माझी फजिती तिथंच आहे.

मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात पर्सोनेल खात्यात. कामगार वारला की त्याच्या फंडाचे कागद माझ्या टेबलावर येतात. वारस कोण, नॉमिनी कोण, हे लावणं माझं काम. एका माणसाच्या मागे दोन बायका उभ्या राहिलेल्या मी पाहिल्यात, आणि दोघींना एकाच बाकावर बसवून पाणी दिलंय. तेव्हापासून मी ज्याला त्याला सांगत असतो, “माणसानं जिवंतपणी सगळं लावून ठेवावं. मागच्यांना घोर नको.”

हे जगाला. आणि घरी? अक्का महिन्यातून एकदा तरी विषय काढायची.

“वसंता, माझ्यामागे ना—”

“अक्का, अभद्र बोलू नकोस.”

“अरे, मृत्युपत्र केलंय, रजिस्टर केलंय, कपाटात खाली—”

“दिवेलागणीला काय हे? चहा कर बघू.”

“बरं, ते राहू दे. माळ्यावरच्या ट्रंकेतल्या भांड्यांचं तरी ऐकून घे.”

“अक्का!”

मग ती हसायची आणि चहा टाकायची. परक्यांचे वारस लावण्यात मी पटाईत. पण माझी बहीण मरणार आहे, एवढं एक वाक्य ऐकून घेण्याची माझी तयारी नव्हती.

ती गेल्यावर मी आणि मंदा, म्हणजे माझी बायको, दिवसकार्य होईपर्यंत तिच्याच घरी राहिलो. तिसऱ्या दिवशी मी कपाट उघडलं. मनात म्हटलं, चला, आता महिनाभराची निस्तरानिस्तर. कुठलं काय! सोसायटीचा शेअर दाखला, घराचे कागद, बँकेचं पुस्तक, सगळं एकाखाली एक. प्रत्येक ठिकाणी नॉमिनी लावलेला. घर तिनं माझ्या मुलीच्या नावे केलं होतं. मला विचारलं नव्हतं, आणि विचारायला हवं असं मलाही वाटलं नाही. दागिने म्हणाल तर ते जिवंतपणीच भाच्यांना वाटून मोकळी. “मी गेल्यावर घातलेले मला दिसणारेत का? आत्ता घाला, मिरवा, मला बघू दे!” कुठली साडी कुणाला, अशी चिठ्ठी घडीत ठेवायचीही गरज नव्हती; मंदानं कधीकाळी ज्या हिरव्या साडीवरून नुसता हात फिरवला होता, ती साडी गेल्याच दिवाळीत मंदाच्या अंगावर आली होती.

इतकी वर्षं मी हे काम करतोय, पण असा स्वच्छ निरोप पाहिला नव्हता. मी कपाटापुढे बसून राहिलो. मंदा म्हणाली, “काय झालं?” म्हटलं, “काही नाही. मला करायला काही उरलंच नाही गं.”

तेच वाईट झालं. रिकामा माणूस वर बघतो. मी वर बघितलं, आणि मला माळ्यावरची ट्रंक दिसली.

ट्रंकेत भांडी होती. पराती, टोप, पातेली, डबे, एक देखणी पितळी कळशी. एकेक वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. आणि प्रत्येकावर नाव घातलेलं. पण अक्काचं नाही! ‘वैशाली रघुनाथ मोरे’. ‘स्मिता दिलीप जाधव’. ‘हर्षदा जनार्दन म्हात्रे’. सगळी नावं परकी.

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे भांड्यावर नाव कशाला घालतात? हरवू नये म्हणून. सत्यनारायण असो, बारसं असो, भांडी चार घरची गोळा होतात आणि संध्याकाळी नाव वाचून ज्याची त्याला परत जातात. अक्काच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक भांड्यावर, अगदी चिमट्यावरसुद्धा, ‘सु. द.’ होतं. मग ही परकी नावं कसली? माझ्या कार्यालयीन डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कुणाकुणाच्या कार्याला आणलेली भांडी! परत करायची राहून गेलेली! बिचारी सांगत होती ना, ‘ट्रंकेतल्या भांड्यांचं ऐकून घे’? हेच सांगत असणार!

मंदा म्हणाली, “अहो, पण ही कोरी दिसतात. साधा चरा नाही कुठे.”

“अक्कानं घासलेली आहेत,” मी म्हटलं. “ती मागून आणलेलं भांडं नव्यासारखं करूनच परत देते.”

“इतकी सगळी? राहून गेली?”

“वय झालं होतं तिचं.”

“आणि सुतकात लोकांच्या दारी जाणार?”

“उंबऱ्याच्या आत पाऊल टाकणार नाही. पण तेराव्याच्या आत कुणाचं काही तिच्याकडे राहता कामा नये. तिनं सगळं चोख केलं, एवढं एक मी करतो.”

बघा, हेतू काय उदात्त! माणूस गाढवपणा करतो तेव्हा हेतू नेहमी असाच असतो.

पत्ते शोधणं मला अवघड नव्हतं. दारावरच्या पाट्या वाचत हिंडलो. ‘र. बा. मोरे’ म्हणजे रघुनाथ, म्हणजे घरातली बाई वैशाली. ‘दि. शं. जाधव’ म्हणजे दिलीप, म्हणजे बाई स्मिता. सोपं! आता ‘तुमचं नाव वैशाली ना?’ असं परक्या बाईला तोंडावर कोण विचारतो? आपल्याकडे बाई म्हणजे वहिनी, नाहीतर काकू. मीही कुणाला विचारलं नाही.

पहिलं दार मोऱ्यांचं. साताऱ्याकडची माणसं; मोरे बाजार समितीत माथाडी. वहिनींनी दार उघडलं आणि पदर डोक्यावर घेतला.

“या की भाऊ.”

“नाही, सुतक आहे. हे तुमचं पातेलं. अक्काकडे राहून गेलं होतं. माफ करा.”

मी पातेलं उंबऱ्याबाहेर, फरशीवर ठेवलं. त्यांनी वाकून नाव वाचलं.

“आमचं?”

“नाव आहे ना त्याच्यावर.”

“नाव तर हाय...” त्या पातेल्याकडे बघत राहिल्या, मग माझ्या तोंडाकडे. काही बोलणार होत्या. पण दाढी वाढलेला, पोरका दिसणारा माणूस दारात उभा. त्याला काय बोलायचं? “बरं भाऊ,” एवढंच म्हणाल्या. मी हात जोडून जिना उतरलो. पहिलं काम फत्ते!

जाधव वहिनींनी परात उचलून उलटसुलट पाहिली. “अय्या, स्मिताचं नाव! म्हणजे ही सिस्टरकडे होती?”

“स्मिताचं” म्हणाल्या हो! स्वतःविषयी कुणी असं बोलतं का? पण माझ्या डोक्यात ते शिरलंच नाही. मी म्हटलं, “हो. चुकून राहिली. आणखी काही तुमचं असेल तर सांगा.”

हे वाक्य मी का बोललो? कोण बोलतं असं? पण नम्रपणा एकदा सुटला की त्याला ब्रेक नसतो. वहिनींनी विचार केला. “तसा वाट्यांचा एक सेट सापडत नाहीये बरं का आमचा. तुम्ही टेन्शन घेऊ नका, सापडला तर बघा.”

संध्याकाळी अक्काच्या वाट्या त्यांच्याकडे गेल्या. ‘सु. द.’ होतं त्यांच्यावर, पण मी म्हटलं, हरवल्या असतील तर भरपाई म्हणून. मग हे पसरलंच. पुढच्या घरी कढई, त्याच्या पुढच्या घरी झारा. एका काकूंना किसणी आठवली. मी देत सुटलो. मंदा स्वयंपाकघराच्या दारात आडवी उभी राहिली. “निदान चिमटा तरी ठेवा हो. दूध कशानं उतरवू?”

शेवटचं घर दिवा गावातलं, म्हात्र्यांचं. म्हात्रे काकू ओट्यावर सुकट निवडत बसल्या होत्या. आवाज असा, की पलीकडच्या आळीत ऐकू जावा.

“कोन? सिस्टरचा भाव काय? अरे देवा, लय वाईट झाला. बस.”

“बसत नाही काकू, सुतक आहे. हा तुमचा टोप. अक्काकडे राहिला होता.”

काकूंना वाचता येत नव्हतं. मी नाव वाचून दाखवलं. “हर्षदा जनार्दन म्हात्रे. तुमच्याच घरचा ना?”

“आमचे हर्षदाचा!” काकूंनी टोप मांडीवर घेतला, वाजवून पाहिला, आत हात घालून पाहिला. “चांगला दनदनीत हाय. यो आमचाच.” मग थांबल्या. “पन याचं झाकन कुठं हाय?”

“झाकण... नव्हतं.”

“नव्हतं कसा? टोप हाय तं झाकन हाय. बिनझाकनाचा टोप कोन देतंय?”

“बघतो काकू. शोधून आणून देतो.”

झालं! तोंडानं कबूल केलं. घरी येऊन मी माळा, ओटा, पलंगाखालची जागा, सगळं पालथं घातलं. झाकण असेल तर सापडेल ना!

दुसऱ्या दिवशी मंदा भाजी आणायला गेली आणि पिशवी रिकामीच घेऊन परत आली. पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “तुम्ही काय करून बसलात, माहितीये?”

“काय?”

“भाजीवाल्यापाशी बायका बोलत होत्या. मला बघून गप्प झाल्या. मग जाधव वहिनींनी मला बाजूला घेतलं. माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, ‘मनाला लावून घेऊ नका. वयात होतं असं. आजारच असतो तो.’”

“कसला आजार?”

“चोरी करायचा!”

मग उलगडा झाला. भांड्यांवरची नावं बायकांची नव्हतीच. त्यांच्या लेकींची होती! वैशाली पाच-सहा वर्षांची, स्मिता बालवाडीत, आणि म्हात्र्यांची हर्षदा नुकती चालायला लागलेली. आता तान्ह्या पोरीच्या नावाचं भांडं घरात कधी येतं? बारशाला, आहेर म्हणून. आणि प्रत्येक बारशाला घरात मोकळेपणानं वावरणारी एकच बाई कोण? सिस्टर! बायकांनी दोन अधिक दोन केले. बारशाच्या गर्दीत एकेक भांडं पदराखाली गेलं असणार. आणि पुरावा? तिच्या भावानं स्वतः दारात आणून दिला, वर माफी मागितली!

एका बाईंना तर आठवलंसुद्धा म्हणे, की बारशाच्या दिवशी सिस्टरची पिशवी जड वाटत होती.

मी खुर्चीत बसलो. तीच अक्काची खुर्ची. मंदा म्हणाली, “तुम्ही तरी बोला काहीतरी.” काय बोलू? सांगायला जीभ रेटत नाही, पण त्या घटकेला माझ्याही मनात येऊन गेलं, की एकटी बाई, स्वतःचं लेकरू नाही, घरोघरची बारशी बघत आलेली... तसं काही झालं असेल का? पुढचा विचार केला नाही. उठून चहा ठेवला, आणि आधण उतरवायला चिमटा शोधू लागलो. चिमटा दुसऱ्या मजल्यावर गेला होता.

तेराव्याला आम्ही साऱ्या बिल्डिंगला जेवायला सांगितलं होतं. मला वाटलं, कुणी यायचं नाही. पण आले. अक्काची पुण्याई म्हणा, नाहीतर उत्सुकता म्हणा. बायका आत आल्या की आधी माळ्याकडे बघायच्या, मग फोटोला नमस्कार करायच्या.

पानं मांडली आणि लक्षात आलं, की आमटी वाढायला घरात डाव नाही! मंदा धावत समोरच्या दारी गेली, डाव मागून आणला. मी आमटीत बुडवला, वर काढला, आणि दांड्यावर ‘सु. द.’! माझ्याच बहिणीचा डाव, माझ्याच बहिणीच्या तेराव्याला, मी शेजारून उसना आणला होता. आणि शेजारीण वर बजावते, “जेवणं झाल्यावर लगेच द्या हं, विसरू नका.” विसरू नका! आमच्या खानदानाची ख्याती ना!

तेवढ्यात दारात मोरे वहिनी आल्या. हातात ते पातेलं. वहिनींनी पातेलं फोटोपुढे ठेवलं, पदर सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

“भाऊ, हे आमचं न्हाई.”

“पण वहिनी, वैशालीचं नाव आहे.”

“नाव तिचंच हाय. पन आमच्या वैशालीचं बारसं झालंच न्हाई. तिसरी पोरगी झाली म्हून सासूबाईंनी करू दिलं न्हाई. कुनी आलं न्हाई, कुनी काई दिलं न्हाई. मग बारशातनं भांडं चोरीला जाईल कसं?” त्या बायकांकडे वळल्या. “त्या दिवशी एकट्या सिस्टर आल्या हुत्या. पोरीला मांडीवर घेऊन त्यांनीच तिच्या कानात नाव सांगितलं. ज्यांना काई बोलायचं आसंल त्यांनी आधी हे ऐका.”

जाधव वहिनी आपल्या पानातलं मीठ बघू लागल्या.

आणि कोपऱ्यात बसलेल्या लीला सिस्टर हातातला घास खाली ठेवून म्हणाल्या, “कसलं बारसं? कसली चोरी? वसंता, ही ट्रंकेतली भांडी बाहेर कशी?”

लीला सिस्टर म्हणजे अक्काची प्रसूतिगृहातली मैत्रीण, ठाण्याला राहतात. मी त्यांना झालेलं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

“अरे माणसा, ही तिनं विकत घेतलेली आहेत! मी बरोबर असायची. ज्या घरी मुलगी झाल्यावर तोंडं उतरायची, त्या मुलीच्या नावानं ती एक भांडं घ्यायची, दुकानातच नाव घालून घ्यायची. म्हणायची, मुलाचं नाव घरादाराला लागतं, जमिनीला लागतं. पोरीचं निदान पातेल्याला तरी लागू दे. एकेकीच्या लग्नात द्यायची होती ती. आत्ता दिली तर घरात वापरून चेपवतील. लग्नात दिली तर तिच्याबरोबर जातील.”

मी हातातला डाव खाली ठेवला.

मी म्हटलं, “पण मृत्युपत्रात एका शब्दानं नाही हो!”

“मी विचारलं होतं तिला. म्हणाली, मृत्युपत्रात आपल्या वस्तू लिहायच्या. ती भांडी माझी कुठं आहेत? नावं आहेत ना त्यांच्यावर.” मग चष्मा काढून पुसत म्हणाल्या, “तुला सांगितलं नाही तिनं?”

“सांगत होती,” मी म्हटलं.

एवढी वर्षं मी वारस लावतो, पण असं मृत्युपत्र मला सुचलं नसतं. ज्यांना कुणी वारस म्हणून मोजतच नाही अशा पोरी तिनं हेरल्या, त्यांच्या नावानं मालमत्ता केली आणि ती स्वतःची नाहीच असं मानून माळ्यावर सांभाळली. आणि तिच्या हुशार, शिकलेल्या भावानं ती ‘राहून गेली होती, माफ करा’ म्हणत उंबऱ्याबाहेर ठेवली!

मोरे वहिनींनी पातेलं पुन्हा उचललं आणि कपाळाला लावलं. वैशाली त्यांच्या पदराआडून पुढे आली. कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवत एकेक अक्षर जुळवत म्हणाली, “मी!”

मग माझी दुसरी फेरी सुरू झाली. ती पहिलीपेक्षा अवघड! तुम्हीच बघा, काय सांगायचं? ‘परवा तुमचं म्हणून दिलं, ते तुमचं नव्हतं, पण आता तुमचंच आहे, फक्त लग्नापर्यंत वापरू नका.’ एका दारी तर, मी परत न्यायला आलो असं समजून, कडी लावून घेतली. बाहेरून ओरडून सांगितलं तेव्हा दार उघडलं.

पण माणसं चांगली हो. दुसऱ्या सकाळी दार उघडलं तर उंबऱ्याबाहेर झारा. दुपारी कढई. संध्याकाळी वाट्यांचा सेट, घासूनपुसून. बेल कुणी वाजवली नाही. सुतक संपलं होतं, तरी सगळे उंबऱ्याबाहेरच ठेवून गेले. चिमटा आला तेव्हा मंदानं त्याला हळदकुंकू लावायचं तेवढं बाकी ठेवलं.

शेवटी म्हात्रे काकू. मी लांबून दिसलो तशा त्या घरात गेल्या आणि टोप कवटाळून बाहेर आल्या.

“देनार नाय!”

“न्यायला आलो नाही काकू. ऐकून घ्या.” मी सगळं सांगितलं. सिस्टरनं हर्षदासाठी घेऊन ठेवला, लग्नात द्यायला, वगैरे. काकूंनी टोप खाली ठेवला. मग पदरानं डोळे पुसले, टोपही पुसला.

“आमचे पोरीसाठी एवढा कोनी नाय केला,” म्हणाल्या. “देवमानूस व्हती सिस्टर. सगला नीट करायची. एक गोष्ट आर्धी ठेवायची नाय.”

“खरं आहे काकू.”

“मंग झाकन बी घेतला आसल तिनं.”

मी टोपात डोकावून बघितलं.

“आसलच. सिस्टर बिनझाकनाचा टोप घेनार नाय.” आणि माझ्याकडे रोखून बघत त्यांनी विचारलं, “तू कुठं ठेवलास?”

त्या दिवसापासून दिवा गावात अक्काचं नाव निघालं की लोक हात जोडतात, आणि माझं निघालं की हसतात. “सिस्टर देवमानूस, पन भावानं झाकन खाल्ला.” परवा ऐरोलीला घराची झाडझूड करायला गेलो होतो, तर बसस्टॉपवर एका बाईनं दुसरीला हळूच दाखवलं, “हेच ते, झाकणवाले.” खरं सांगू? मला बरं वाटलं. अक्कावरचा आळ गेला. तो जायला कुठंतरी जागा लागणारच होती; माझ्याकडे आला.

या सगळ्यातून शहाणा होऊन मी एका संध्याकाळी मंदाला समोर बसवलं. म्हटलं, “नीट ऐक. माझ्यामागे—”

“अहो, अभद्र काय बोलता? चहा घेता का?”

घेतला.

लीला सिस्टरनी ठाण्याचं दुकान दाखवलंय. त्या मापाचं झाकण तिथं मिळतं. मी दोनदा दुकानापर्यंत जाऊन आलो. नेऊन दिलं, तर इतके दिवस मीच दडवलं होतं हे पक्कं होणार. नाही दिलं, तर ते पक्कं आहेच. शिवाय लीला सिस्टर म्हणतात, त्या टोपाबरोबर झाकण घेतलंच नव्हतं. अक्का म्हणाली होती, ‘पुढच्या खेपेला घेऊ.’

झाकण अजून घेतलेलं नाही.